अल्ट्रालाइट उडवायचंय? कोल्हापूरकरांसाठी लायसनचा सगळा रस्ता, पहिल्या पायरीपासून

उद्यमनगरात कुठल्याबी वर्कशॉपमध्ये जावा आणि नुसतं म्हणा की दोन सीटचं विमान असतंय, ऐंशी-शंभर एचपीचं इंजिन, अॅल्युमिनियमचे पाइप आणि वर कापड. समोरचा माणूस लेथ बंद करून, हात पुसत पुसत बाहेर येणार आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मग आपणच बनवूया की, हाय काय अन् नाय काय!" मी पण तसाच होतो, म्हणून हसत नाही. पण गेल्या काही वर्षांत मला हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकतो, आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो, आपण कोल्हापूरवाले हे काम नेमकं उलट्या बाजूनं सुरू करतो. आधी मशीन बघतो, मग जागा बघतो, मग ट्रेनिंग, आणि शेवटी कुणीतरी विचारतंय "मेडिकल झालं का रं?" तिथं सगळं अडकतंय. खरा क्रम ह्याच्या बरोब्बर उलटा आहे. मेडिकल पहिलं, मशीन सगळ्यात शेवटी.

आधी तो अमेरिकेचा व्हिडिओ डोक्यातून काढा

सगळ्यांचा घोळ इथून सुरू होतोय. व्हिडिओत एक गोरा माणूस शेतातनं टेक-ऑफ करतो आणि म्हणतो लायसन लागत नाही. तो खोटं बोलत नाहीये. अमेरिकेत १९८२ पासून पार्ट १०३ नावाचा नियम आहे, त्यात एकच सीट, रिकाम्या विमानाचं वजन २५४ पौंडांच्या आत म्हणजे साधारण ११५ किलो, पेट्रोल ५ गॅलन म्हणजे १९ लिटरच्या आसपास, स्पीड जास्तीत जास्त ५५ नॉट म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, एवढं पाळलं की त्या विमानाला रजिस्ट्रेशन नाही आणि चालवणाऱ्याला लायसन नाही. पण दिवसाच उडवायचं आणि दाट वस्तीवरनं जायचं नाही, ह्या अटी तिथंपण आहेत, त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

आपल्याकडं असली सूट नाही. भारतात विमान कितीबी हलकं असलं तरी ते विमानच, आणि त्याच्यावर हुकूम चालतो डीजीसीएचा, म्हणजे दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. कायदापण नवा आलाय, १९३४ चा जुना एअरक्राफ्ट अॅक्ट जाऊन भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि नियम मोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, इथपर्यंत जाऊ शकतंय. हे घाबरवायला सांगत नाही. पण "शेत आपलं, विमान आपलं, कोण विचारतंय" असं म्हणणारा एकतरी काका प्रत्येक गावात असतोच, त्याला हा आकडा ऐकवा.

आपल्याकडं ह्याला काय म्हणतात

बोलताना सगळे अल्ट्रालाइट म्हणतात पण सरकारी कागदावर शब्द आहे मायक्रोलाइट. जास्तीत जास्त दोन सीट, एक इंजिन, माणसं-पेट्रोल धरून वजन साडेचारशे किलोच्या आसपास, आणि हळू उडणारं. एनसीसीच्या एअर विंगची पोरं ज्यात बसतात ते व्हायरस एसडब्ल्यू ८० हे ह्याच जातीतलं, स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून २०१५ साली भारतानं अशी १९४ विमानं घ्यायचं ठरवलं होतं, एअर फोर्स, नेव्ही आणि एनसीसी मिळून. बेंगळुरूची राज हंस कंपनी तर एक्स-एअर नावाची मायक्रोलाइट इथंच बनवत आली आहे. त्यामुळं हे काही परदेशी खूळ नाही.

मायक्रोलाइटच्या जरा वर लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट म्हणून वेगळा गट आहे, ६०० किलोपर्यंतचा. पाठीवर इंजिन बांधून उडतात ते पॅरामोटर आणि त्रिकोणी पंखाचं पॉवर्ड हँग ग्लायडर, ह्यांची भानगड वेगळी, त्यांना वेगळे नियम आहेत, पण "वेगळे" म्हणजे "नाहीत" असं नव्हे. कामशेत-पाचगणीला जे इंजिन नसलेलं पॅराग्लायडिंग करता त्याचं सर्टिफिकेट इथं लायसन म्हणून चालत नाही. हवेचा अंदाज यायला मात्र ते लई उपयोगी पडतंय, ज्यांनी केलंय त्यांना वारा कळतो, बाकीच्यांना तो शिकवावा लागतो.

लायसनचे रस्ते दोन. एक म्हणजे सरळ मायक्रोलाइटचं पायलट लायसन, त्यावर फक्त त्याच गटातली विमानं. दुसरा म्हणजे पीपीएल, प्रायव्हेट पायलट लायसन, सेसना वगैरे उडवायचं, आणि नंतर मायक्रोलाइटचं ट्रेनिंग घेऊन ते त्यात चढवून घ्यायचं. माझं मत विचाराल तर ज्याला फक्त रविवारी सकाळी हवेत जाऊन नाष्ट्याला परत मिसळ खायला यायचंय त्यानं मायक्रोलाइट, आणि ज्याच्या डोक्यात पुढंमागं मोठं विमान आहे किंवा ज्याचं वय अजून विशीत आहे त्यानं पीपीएल. पण शाळा कुठं मिळते ह्यावरच बऱ्याचदा हे ठरतंय, ते पुढं येईलच.

पहिली पायरी, मेडिकल

पैसे भरायच्या आधी मेडिकल. परत एकदा लिहितो, पैसे भरायच्या आधी. मी उलटं केलं होतं. एका अकॅडमीला अॅडव्हान्स देऊन बसलो, बॅग भरली, आणि मग मेडिकलमध्ये बीपी वर आलं म्हणून टेम्पररी अनफिट. तीन महिने पळालो, मीठ सोडलं, पापड सोडले, तांबडा रस्सा बघून डोळे मिटले, मग फिट झालो. त्या तीन महिन्यांत अॅडव्हान्सचं काय झालं ते विचारू नका.

छंदासाठी उडवायला क्लास टू मेडिकल लागतंय. ते कुठल्याबी एमबीबीएस डॉक्टरकडं होत नाही, डीजीसीएनं नेमलेले डॉक्टर असतात, त्यांची यादी डीजीसीएच्या साइटवर आहे आणि आपल्याकडून बहुतेकजण पुणं किंवा मुंबई गाठतात. तिकडं जायच्या आधी इथंच आपल्या ओळखीच्या लॅबमध्ये एक तालीम करून घ्या. रक्त, साखर, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कानाची ऑडिओमेट्री आणि डोळे. इथं काही निघालं तर ते आधी सुधारा, कारण तिकडं एकदा अनफिट लागलं की ते रेकॉर्डवर जातंय आणि मग परत बोर्ड, रिव्ह्यू, चकरा.

चष्मा असला तर घाबरू नका, चष्म्यानं नजर नीट होत असेल तर चालतंय, लायसनवर चष्मा लावून उडवायचं आणि एक जादाचा जवळ ठेवायचा अशी अट येते. खरी गोची रंगांची. ते ठिपक्यांचे इशिहाराचे आकडे असतात ना, ते वाचता आले पाहिजेत. फाउंड्रीत कित्येक वर्षं काम केलेल्या माणसाला चाळिशीत पहिल्यांदा कळतंय की आपल्याला लाल-हिरवा नीट दिसत नाही, असं मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. आणि शिरोली एमआयडीसीत हॅमर-प्रेसच्या आवाजात राबलेल्यांनी कान नक्की तपासून घ्या. औषधं चालू असतील तर डॉक्टरला सगळी सांगा, लपवू नका, दमा, फिट्स, मानसिक आजाराची औषधं, सगळं. वर हवेत आपल्याला चक्कर आली तर गाडी बाजूला घेता येत नाही.

दुसरी पायरी, कागद

ही पायरी कंटाळवाणी आहे पण सगळ्यात जास्त वेळ इथंच जातोय. शिक्षण दहावी पास पुरेसं, छंदाच्या लायसनला बारावी सायन्स लागत नाही, त्यामुळं "माझं कॉमर्स झालंय" ही सबब चालणार नाही. वय, स्टुडंट पायलट लायसनला १६ पूर्ण, पीपीएलला १७ पूर्ण.

आता आपल्या मराठी माणसाचा ठरलेला प्रॉब्लेम, नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, आधारवर नाव पहिलं, पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब, आणि एका कागदावर 'साहेब' किंवा 'राव' चिकटलेलं. डीजीसीएचं सगळं काम आता ईजीसीए नावाच्या पोर्टलवर ऑनलाइन चालतंय आणि तिथं एका स्पेलिंगवरून फाइल परत येते. म्हणून सुरुवातीलाच सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं करून घ्या, गरज पडली तर गॅझेट करा, त्यात महिना-दोन महिने जातील पण नंतरचे सहा वाचतील.

मार्कशीट बोर्डाकडून तपासून घ्यायला सांगतात, तिथं आपण नशीबवान, कोल्हापूर विभागीय मंडळ इथंच आहे, पुण्याला पळायला लागत नाही. मी तर सकाळी जाऊन अर्ज दिला आणि येताना भाजी घेऊन घरी आलो. मुंबईत शिकलेल्यांना हे सुख नाही. ह्याच्या जोडीला पोलीस व्हेरिफिकेशन, फोटो, सहीचा नमुना, पत्त्याचा पुरावा हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. परीक्षेसाठी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएकडचा आपला परीक्षार्थी नंबर, काढावा लागतो, तो एकदा मिळाला की जन्मभर तोच, कुठंतरी पक्का लिहून ठेवा.

तिसरी पायरी, शाळा निवडणं

स्वतःच्या मनानं, मित्राकडनं, यूट्यूबवरनं शिकलेलं एक मिनिटपण धरत नाहीत. डीजीसीएनं मान्यता दिलेली संस्था आणि त्यांचा इन्स्ट्रक्टर, त्याच्या सहीनं लॉगबुकात म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत चढलेले तास, तेवढेच खरे. आणि ह्यासाठी घर सोडावं लागतंय. पीपीएलच्या शाळा महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी आहेत, मायक्रोलाइटसाठी बेंगळुरूचं जक्कूर हे जुनं ठिकाण, कोल्हापूरहून रात्रीच्या बसनं सकाळी पोचतोय माणूस.

फोनवर सगळ्या शाळा गोड बोलतात. तिथं स्वतः जावा, आणि चहा प्यायच्या आधी हॅंगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड, बघा. किती विमानं आहेत हे विचारू नका, आज उडणारी किती हे विचारा. पाच विमानं असतात, त्यातलं एक इन्स्पेक्शनला, एकाचं प्रॉपेलर गेलेलं, एक स्पेअरची वाट बघतंय आणि राहिलेल्या दोनावर चाळीस पोरं नंबर लावून बसलेली. त्या पोरांना बाजूला घेऊन विचारा की गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले, खरं उत्तर तिथं मिळतंय. मान्यतेचं पत्र बघायला मागा, त्याची तारीख बघा, मायक्रोलाइट शिकवायचा अधिकार असलेला इन्स्ट्रक्टर आत्ता नोकरीवर आहे का ते बघा. २०२५ पासून डीजीसीएनं शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, ती पण बघून घ्या.

पैशाचं म्हणाल तर एका तासाला पाच आकडी रक्कम धरूनच चाला, म्हणजे एकूण खर्च लाखांत जातोय. सगळे एकदम भरू नका, टप्प्यानं भरा आणि विमान उडालं नाही तर पैसे परत कसे ह्याचं लेखी घ्या.

कधी जायचं हे पण महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर अजिबात नको. मी दुसऱ्या वेळी जुलैत गेलो, कारण तेव्हा धंद्यात मंदी असते, आणि अठरा दिवसांत तीन सॉर्टी, म्हणजे तीनच उड्डाणं, झाल्या. बाकी सगळे दिवस ढगाकडं बघत लॉजवर पत्ते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात भारी, सकाळची हवा काचेसारखी शांत. एप्रिल-मेमध्ये फक्त पहाटे ते नऊ-साडेनऊपर्यंत, त्यानंतर जमीन तापून खालनं असे गरम हवेचे धक्के बसतात की हलकं विमान पतंगासारखं उचलतंय.

चौथी पायरी, स्टुडंट पायलट लायसन

शाळेत नाव घातलं की आधी हे काढायचं, ह्याच्याशिवाय एकट्यानं विमानात बसता येत नाही. शाळाच त्याची परीक्षा घेते, हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामान, आणि विमान-इंजिनाची माहिती. आपल्या इंजिनवाल्या पोरांना शेवटचा विषय पाठ न करता येतोय, फोर-स्ट्रोक, कार्ब्युरेटर, मॅग्नेटो हे सगळं घरचंच. पण एक सांगतो, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतंय ही गोष्ट ऐकून आमच्या बॅचमधला एक मेकॅनिक वीस मिनिटं हसत होता, कोल्हापुरात बर्फ कुठला म्हणून. दमट हवा, कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात, म्हणजे व्हेंच्युरीत, दाब कमी झाल्यावर तापमान एकदम उतरतंय आणि बाहेर वीस-पंचवीस डिग्री असतानाही आत बर्फ जमतो, इंजिन खोकायला लागतंय. पावसाळ्यानंतरच्या सकाळी हे खरंच होतंय. हवामानाचा विषय रट्टा मारून पास होऊ नका, तो जगवतोय.

पाचवी पायरी, प्रत्यक्ष उडवणं

पीपीएलचा नियम मोजका आहे, कमीत कमी ४० तास, त्यात २० तास एकट्यानं, आणि त्या एकट्याच्यात ५ तास लांबचा प्रवास, त्यातली एक फेरी कमीत कमी १५० नॉटिकल मैलांची म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या वरची, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. मायक्रोलाइटच्या लायसनचापण सांगाडा हाच, आधी इन्स्ट्रक्टरसोबत, मग एकट्यानं, मग टेस्ट. आणि "कमीत कमी" हा शब्द नीट वाचा. आठवड्यातनं एकदा जाणाऱ्याचे तास नेहमीच जास्त लागतात, कारण दर वेळी निम्मा तास मागचं विसरलेलं आठवण्यात जातोय. सुट्टी काढून सलग तीन-चार आठवडे राहिलात तर पैसे वाचतील.

पहिल्या दिवशी काय होतंय? काही नाही, इन्स्ट्रक्टर विमानाभोवती गोल फिरवतो. प्रत्येक नट, प्रत्येक पिन, पंखाचं कापड, टायर, ऑइल, पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का बघायचं. पंधरा मिनिटं. बुलेट घेताना तुम्ही जसं फिरता तसंच, फरक एवढाच की हे दर वेळी करायचं, विमान दहा मिनिटांपूर्वीच उतरलेलं असलं तरी.

मग सरळ उडवणं, चढवणं, उतरवणं, वळवणं, आणि मग स्टॉल. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, हा गैरसमज सगळ्यांचा, आपल्याला गाडी स्टॉल झाली म्हणायची सवय. इथं स्टॉल म्हणजे नाक इतकं वर केलं की पंखावरनं हवा सुटते आणि उचल संपते, इंजिन भरात चालू असतानाही. उपाय मनाच्या विरुद्ध आहे, विमान खाली पडायला लागलंय आणि तुम्ही कंट्रोलची काठी पुढं ढकलायची, नाक अजून खाली. पहिल्यांदा हात ऐकत नाही. दहाव्यांदा ऐकतो.

त्यानंतर सर्किट, म्हणजे रनवेभोवती चौकोनी चक्कर, टेक-ऑफ, मग क्रॉसविंड, डाउनविंड, बेस, फायनल ही चकरेच्या एकेका बाजूची नावं, उतरायचं, परत. हे इतक्या वेळा करायला लागतंय की रात्री झोपेतपण तोंडातनं "डाउनविंड" येतंय. हलक्या विमानाचं एक वेगळेपण इथं कळतं, त्याच्या अंगात जोर साठून राहत नाही, इंजिनाचा पॉवर काढला की स्पीड लगेच पडतो, मोठ्या विमानावर शिकलेले पायलट इथं पहिल्यांदा धप्पकन आपटतात. त्यामुळं मोठं लायसन असलेल्यानंपण मायक्रोलाइटला कमी समजू नये. आणि दर सर्किटला इन्स्ट्रक्टर अचानक पॉवर काढून विचारतो, "इंजिन गेलं, आता कुठं उतरणार?" डोळा सतत मोकळं रान शोधत राहिला पाहिजे. आपल्याकडच्या माणसाला हिरवं शेत बघून बरं वाटतंय, पण ते उसाचं असतंय. दहा फुटी ऊस. त्यात उतरणं म्हणजे भिंतीत उतरणं. नांगरलेलं, कापणी झालेलं रान बघायचं, आणि विजेच्या तारा दिसत नाहीत म्हणून खांब शोधायचे.

एक दिवस इन्स्ट्रक्टर रनवेवरच उतरतो, बेल्ट बांधून ठेवतो आणि म्हणतो जा. तो सोलो. त्याबद्दल काय लिहू, बाजूची सीट रिकामी असल्यानं विमान भस्सकन वर जातंय एवढं लक्षात ठेवा, कुणी आधी सांगत नाही आणि दचकायला होतंय.

दारूचा नियम सांगून ठेवतो, उडायच्या आधी १२ तास एक थेंब नाही, शाळेत तोंडाला मशीन लावून तपासतात आणि लागली तर ते वरपर्यंत कळवलं जातंय. आदल्या रात्रीची पार्टी सकाळी सहाच्या सॉर्टीला मोजली जाते, गणित स्वतः करा.

लॉगबुक रोज भरा, पेननं, खाडाखोड न करता, आणि सही त्याच दिवशी घ्या. इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून गेला की त्याच्या मागं सहीसाठी फिरणं म्हणजे तलाठ्याच्या मागं फिरण्यापेक्षा वाईट.

रेडिओ

बोलायला पण लायसन लागतंय. पूर्वी आरटीआरची, म्हणजे रेडिओवर बोलायची, परीक्षा टेलिकॉम खातं घ्यायचं, नव्या कायद्यानं ते काम डीजीसीएकडं आलंय. त्यावर मग एफआरटीओएल म्हणजे विमानातनं रेडिओ वापरायचं लायसन. अल्फा, ब्राव्हो, चार्ली पाठ करायला दोन दिवस लागतात, खरा त्रास ऐकण्याचा आहे. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरवरचा माणूस एका श्वासात वारा, दाब, रनवे, नंबर सगळं सांगतो आणि त्यातलं महत्त्वाचं तुम्ही परत म्हणून दाखवायचं असतंय. माझं इंग्लिश दगडी, मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून म्हशीच्या गोठ्यात उभं राहून उत्तरं द्यायचो. कळलं नाही तर "से अगेन" म्हणायला लाजू नका, न कळता "रॉजर" म्हणणारा धोकादायक.

सहावी पायरी, परीक्षा आणि लायसन हातात

लेखी पेपरला पास व्हायला ७० टक्के लागतात, आपल्या ३५ च्या सवयीला जरा धक्का आहे. मग परीक्षकासोबत उडून दाखवायचं. मग सगळं ईजीसीएवर चढवायचं आणि वाट बघायची. त्या काळात मेडिकलची मुदत संपणार नाही ना ते बघा, एकाची फाइल बरोब्बर ह्याच कारणानं परत आली होती.

लायसन आलं म्हणजे काय करता येतंय आणि काय नाही, हे पण ऐका. छंदाच्या लायसनवर पैसे घेऊन कुणाला फिरवता येत नाही. जोतिबाच्या यात्रेत माणशी अमुक रुपयात आकाशातनं डोंगर दाखवतो, असली आयडिया माझ्याकडं तीन जणांनी आणली आहे. नाही. आणि काही महिने उडवलं नाही तर लायसन खिशात असलं तरी आधी इन्स्ट्रक्टरसोबत परत बसा, त्याच्याशिवाय बायकापोरांना घेऊन जाऊ नका.

आता कुठं मशीन

इथवर आलात तर आता उद्यमनगरकडं वळू. विमानाला व्हीटीनं सुरू होणारं रजिस्ट्रेशन लागतंय, उडायची परवानगी लागते, इन्शुरन्स लागतोय, आणि बाहेरनं मागवायचं असेल तर मागवायच्या आधी डीजीसीएची ना-हरकत. आधी कंटेनर बंदरावर आणून मग कागद करतो म्हणणाऱ्याचं डेमरेज, म्हणजे बंदरावर माल पडून राहिल्याचा दंड, विमानापेक्षा जास्त होतंय.

स्वतः बनवणाऱ्यांसाठी एकच उदाहरण, कॅप्टन अमोल यादव. त्यांनी मुंबईत कांदिवलीला बिल्डिंगच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं, २०१६ च्या मेक इन इंडिया वीकमध्ये ते ठेवलं होतं, आणि रजिस्ट्रेशन मिळालं २०१७ च्या शेवटी, त्यासाठी कितीतरी वर्षं खेटे घातले. ते स्वतः धंद्यानं पायलट. आपण तर अजून नट-बोल्टचा हिशोब करतोय. बनवता येतंय हो, हातात कला आहे आपल्या, पण पहिलं विमान बनवायचं नसतंय, पहिलं विकत घ्यायचं, पहिल्यापेक्षाही आधी दुसऱ्याचं उडवायचं.

इंजिन बहुतेक ठिकाणी रोटॅक्स ९१२, ८० किंवा १०० एचपीचं. ते साध्या पेट्रोलवर चालतंय हे ऐकून सगळे खूष होतात, पण थांबा. कंपनी दहा टक्के इथेनॉलपर्यंतच मान्य करते, आणि आपल्या पंपावर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल मिळतंय. ते इथेनॉल आपल्याच उसाचं, आपल्याच कारखान्यांचं, ह्याचा अभिमान आहे, पण ते पाणी ओढतं, जुन्या रबरी पाइपांना खातं आणि उन्हात लाइनीत वाफ धरतं. म्हणून कुठलं इंधन घालायचं हे पंपावर नाही, मॅन्युअलमध्ये आणि इंजिनिअरच्या तोंडून ठरवायचं.

सातवी पायरी, कोल्हापूरचं आकाश

उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ पासूनचा, राजाराम महाराजांच्या काळातला, त्यामुळं विमान आपल्याला नवीन नाही. पण मार्च २०२४ मध्ये नवीन टर्मिनल झालं, प्रवासी विमानं वाढली, आणि तिथं टॉवर आहे. म्हणजे त्या परिसरात टॉवरच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, गोकुळ शिरगावच्या एखाद्या माळावरनं उडून "जरा बघून येतो" चालणार नाही. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, मेच्या दुपारी हवा पातळ होते आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जे विमान पटकन उचलतं ते इथं जास्त पळतंय, रनवेची लांबी मोजताना हे धरा.

उडायच्या आधी फ्लाइट प्लॅन, आणि एडीसी नंबर, म्हणजे एअर डिफेन्स क्लिअरन्स. हे बाहेरच्या देशात शिकून आलेल्यांना माहीतच नसतंय. आपण मुंबईच्या हद्दीत येतो, तिथल्या फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरकडनं तो नंबर घ्यायचा, वेळ ठरलेली असते, उशीर झाला की नवा घ्यायचा. नंबर नसताना रडारवर दिसणारा ठिपका हा एअर फोर्सच्या दृष्टीनं अनोळखी ठिपका असतोय. बेळगावच्या सांबऱ्याला एअर फोर्स, गोव्याच्या दाबोळीला नेव्ही, आपण दोघांच्या मधे, त्यामुळं हे अंगावर घेऊ नका. त्या दिवशीचे नोटॅम, म्हणजे पायलटांसाठीच्या सूचना, बघा, कुठं सराव चालू आहे, कुठं व्हीआयपी येणार आहे ते त्यात असतंय.

आणि पोलीस. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, निवडणुका, मोठे दौरे, अशा वेळी मुंबई-दिल्लीचे पोलीस पॅराग्लायडर, ड्रोन, हॉट एअर बलून आणि मायक्रोलाइट, सगळ्यांवर एकत्र बंदीचे आदेश काढतात. आपल्या मार्गातल्या जिल्ह्यांत असा आदेश आहे का हे निघायच्या आदल्या दिवशी बघा. मी तर जिथनं उडतो तिथल्या पोलीस ठाण्यात सीझनच्या सुरुवातीला लायसन, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्सच्या झेरॉक्स स्वतःहून देऊन येतो, कारण गावातनं कुणीतरी "विमान पडलं, विमान पडलं" म्हणून फोन करतोच, आणि तेव्हा ठाणे अंमलदाराला नुसतं म्हणता यावं, "नाही ओ, ते नेहमीचे आहेत, उतरलेत."